ओमारूतलं उंच चाक

नकाशात पुण्यावर बोट ठेवावं आणि खाली उजवीकडे सरकवत न्यावं. लंका मागे पडते, समुद्र लागतो, तो काही केल्या संपत नाही, बोट दुखायला लागतं, आणि आता नकाशाचा कागदच संपणार असं वाटतं तिथे न्यूझीलंडचं दक्षिण बेट आहे. त्याच्या पूर्व काठावर ओमारू नावाचं गाव आहे. तिथला वारा दक्षिण ध्रुवावरून निघतो आणि वाटेत कुठेही चहाला न थांबता थेट आपल्या कानात शिरतो. बसमधून उतरल्या उतरल्या त्याने माझी टोपी उडवली. माझ्या अंदाजाने ती अजून खाली आलेली नाही.

वरकरणी आम्ही गाव बघायला गेलो होतो. खरं कारण माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. परतीची तीन तिकिटं. पुण्याहून निघालो तेव्हा मी आणि शैला, दोघंच. परत जाताना तिघं. तिसरं तिकीट मुक्ताचं.

मुक्ता आमची एकुलती एक मुलगी. हिंजवडीच्या कंपनीने तिला एका कामावर ओमारूच्या दक्षिणेला डनेडिन शहरात पाठवलं होतं. ते काम संपलं. कंपनी म्हणाली, परत या. डनेडिनची एक कंपनी म्हणाली, जाऊ नका, कायमच्या राहा. सोमवारी तिला उत्तर द्यायचं होतं आणि मंगळवारी आमचं विमान होतं. मी बिबवेवाडीत आमच्या सोसायटीच्या जिन्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून बसलो होतो की पोरगी येतेय. शेजारचा फ्लॅट तिच्यासाठी बोलूनसुद्धा ठेवला होता. मधली भिंत कुठे फोडायची तेही मी खडूने आखलं होतं.

"बाबा, मला विचारलंत?" हे तिचं पहिल्या दिवसाचं वाक्य.

"विचारायला फोनवर सापडतेस कुठे?" हे माझं.

आठवडाभर आम्ही हीच दोन वाक्यं उलटसुलट करून एकमेकांना वाढत होतो. शेवटी मुक्ता म्हणाली, "शनिवार-रविवार ओमारूला जाऊ. माझ्या घराच्या भिंती पातळ आहेत, शेजारी ऐकतात. तिथल्या दगडी आहेत. सावकाश भांडता येईल."

थेम्स स्ट्रीट

हे गाव बघून मी पहिली दहा मिनिटं गप्प होतो. शैला घाबरली. तिला वाटलं, मला काही झालं.

काय सांगू! रस्ता पर्वतीवरून सोडलेल्या पाण्यासारखा रुंद, आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र दगडाच्या इमारती. बँक म्हणावी तर पुढे देवळासारखे खांब. खांबांच्या माथ्यावर दगडाचीच पानं, अशी कोरलेली की शेळी सोडली असती तर तिने दोन पानं ओढली असती. व्हिक्टोरिया राणीच्या काळात गहू, लोकर आणि मांस यांवर हे गाव असं फुगलं की लोकांना पैसा कुठे ठेवावा कळेना. त्यांनी त्याचे खांब केले. मग बाजार बसला, पैसा आला तसा गेला, आणि गावाला इमारती पाडून नव्या बांधणं परवडेना. म्हणून सगळं जागच्या जागी राहिलं. आमच्या पुण्यात बरोबर उलटं. पैसा आला आणि आधी पाडापाडी झाली. मी वाढलो ती सदाशिव पेठेतली जागा आता पार्किंग आहे, आणि तिथे उभं राहून कुणाला सांगावं की बाबा रे, तुझ्या स्कूटरखाली माझी मुंज झाली, तर तो म्हणतो, पावती घ्या.

"हा दगड इथलाच," मुक्ता सांगत होती. "चुनखडीचा. खाणीतून काढतात तेव्हा इतका मऊ असतो की लाकडाच्या करवतीने कापता येतो. बाहेर वारा लागला की कठीण होतो."

"म्हणजे तुझ्यासारखा," मी म्हणालो.

"हो. आणि एकदा कठीण झाला की परत खाणीत नेऊन ठेवत नाहीत."

शैला म्हणाली, "अहो, ती बघा किती छान खिडकी." खिडकी अगदी साधी होती.

त्यात आम्ही गेलो ते दिवस उत्सवाचे. वर्षातून एकदा, तिथल्या वसंतात, हे गाव आपल्या मूळ काळात परत जातं. पोस्टमन उंच टोपी घालून फिरतो, भाजीवालीच्या गाऊनचा घोळ आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मावणार नाही एवढा. शैला नेहमीच्या सुती साडीवर शाल लपेटून चालली होती. एका बाईंनी तिला थांबवून अदबीने विचारलं, "हा पोशाख नेमका कोणत्या काळातला?"

"मंगळवारचा," शैला म्हणाली.

ग्रॅहमकडचं जेवण

आम्ही उतरलो होतो ते ग्रॅहम नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी. वरच्या दोन खोल्या तो पाहुण्यांना देई आणि जेवायला आपल्याच टेबलावर बसवी. रात्रीच्या जेवणात त्याने चीज रोल वाढले. पावाच्या पातळ चकतीत चीज आणि कांद्याचं सारण घालून, गुंडाळून, वरून लोणी लावून भाजायचे. मी सात खाल्ले. शैला म्हणते अकरा. तिने पिशवीतून मेतकुटाची पुडी काढून एकावर भुरभुरवली. ग्रॅहमने तो खाऊन डोळे मिटले आणि ते बराच वेळ उघडले नाहीत. विमानतळावर ज्या कुत्र्याने आमचं सगळं सामान हुंगून आंब्याचं लोणचं जप्त करवलं होतं, त्याला मेतकूट समजलं नव्हतं. नाक आमच्या तोडीचं नव्हतं त्याचं.

भिंतीवर ग्रॅहमचा फोटो होता. एका राक्षसी सायकलवर बसलेला. पुढचं चाक माणसाच्या खांद्याइतकं, मागचं जेवायच्या ताटाएवढं, आणि बसायची जागा पुढच्या चाकाच्या डोक्यावर. पेनी-फार्दिंग म्हणतात तिला. या गावात तिची शर्यत होते.

आता सायकल म्हटल्यावर मी गप्प बसणार कसा? मी स्कूटरच्या कारखान्यात आयुष्य काढलं, नवी यंत्रं आली तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेतली, पण पोरवय सायकलवर काढलेला पुणेकर आहे. मी ग्रॅहमला सांगितलं की आमचं शहर एके काळी सायकलींचं होतं. इथवर खरं होतं. मग सांगितलं की मी रोज सकाळी न्याहारीच्या आधी खडकवासल्याला जाऊन धरणाचं पाणी बघून येत असे. हेही, वर्षातून एखादा रविवार धरला तर, खरं होतं. मग मात्र माझी जीभ उताराला लागली. मी सांगितलं की डबलसीट ही आमच्याकडे लहान मुलांची गोष्ट. मी पुढे दांडीवर मुक्ता, मागे कॅरिअरवर शैला, शैलाच्या मांडीवर दळणाचा डबा आणि मागे बांधलेला गॅसचा सिलिंडर अशी वरात घेऊन चढ चढलोय, एका हाताने.

"दुसऱ्या हातात काय होतं?" ग्रॅहमने अगदी मनापासून विचारलं.

"छत्री," मी म्हणालो.

ग्रॅहम उठला. त्याने माझा हात हातात घेतला. उद्या हार्बर स्ट्रीटवर पाहुण्यांची फेरी आहे, म्हणाला, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझीच जुनी गाडी देतो. नाव घालू का?

"घाला की," मुक्ता त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून मराठीत, "बाबा, हे चाक शेवटपर्यंत नेलंत ना, तर मी मंगळवारी मुकाट्याने विमानात बसते."

टोमणा होता तो. पुण्यात ताटात डावीकडे चटणी असते तसा. चाटून पुढे जायचं असतं. पण आठवडाभर माझ्या पोटात ते तिकीट बसलं होतं.

"बोललीस," मी म्हणालो. "शेवटपर्यंत नेलं तर तू येतेस. आणि त्या आधी पडलो, तर तुझं तिकीट फाडतो. पुन्हा कधी विषय काढणार नाही."

मुक्ताचा चेहरा बघता बघता पांढरा झाला. मागे घ्यायला तिला एक क्षण होता. मलाही होता. दोघांनीही तो जाऊ दिला.

"ठरलं," ती म्हणाली.

शैलाने चमचा खाली ठेवला आणि त्या रात्री परत उचलला नाही.

बंदर

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता माझ्याशी नीट बोलायला लागली, आणि मी सावध झालो.

पुण्याबाहेरच्या वाचकांना हे समजावून सांगायला हवं. आमच्याकडे माणूस टाकून बोलतो तोवर सगळं ठीक असतं. गोड बोलायला लागला की समजायचं, त्याने हिशेब मिटवला. मुक्ता म्हणाली, "बाबा, चहा घेता का?" मी म्हणालो, "चहा म्हणतात याला? यापेक्षा बंदरातलं पाणी गरम असेल." यावर एरवी तिने मला बंदरात पाठवलं असतं. ती म्हणाली, "दुसरा करून देते." आणि खरंच करून दिला.

फेरी दुपारी होती. ग्रॅहमने गाडी बंदराच्या मोकळ्या रस्त्यावर आणली. एका बाजूला जुनी धान्याची दगडी कोठारं, दुसऱ्या बाजूला हिरवंनिळं, रागावलेलं पाणी. त्या चाकाशेजारी उभा राहिलो तेव्हा प्रथमच कळलं की पडायचं झालं तर किती उंचावरून. मी साठी ओलांडलेला माणूस. माझी हाडं अजून आतल्या आत बोलतात, पण आवाज ऐकू येतो.

चढणं जमलं. पुण्याची टांग कामी आली. मागच्या बाजूला छोटी पायरी असते, तिच्यावर डावा पाय ठेवून लंगडी घालत गाडी ढकलायची आणि मग अंगाला झोका देऊन वर. ग्रॅहम टाळ्या वाजवायला लागला. मी चार पॅडल मारली, गाडीने वेग घेतला, आणि जन्मभर जे केलं ते केलं. वेग आला की पुणेकर पाय थांबवतो. उतार फुकट असतो, तो पॅडल मारून कोण वाया घालवेल?

या गाडीला साखळी नाही. पॅडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेलं. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार, आणि पाय थांबवले तर चाक अडतं आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. हे मला समजलं तेव्हा मी हवेत होतो. कोठाराच्या दाराशी गवताचे भारे रचलेले होते, त्यात मी डोक्याने शिरलो.

मला ओढून काढणारे हात मुक्ताचे होते.

"पाय थांबवायचे नाहीत, बाबा," ती म्हणाली. "काय वाट्टेल ते झालं तरी थांबवायचे नाहीत. थांबायचं असेल तर हळूहळू जोर कमी करायचा. परत बसा."

मग ती माझ्याबरोबर चालली. बसायच्या जागेपासून मागे जाणारा लोखंडी कणा हातात धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा पुन्हा. "एक-दोन, एक-दोन. खाली बघू नका. समोर बघा. पाय." तिला सायकल मी शिकवली होती ती अशीच, पण मी वाटेत शेजाऱ्यांशी गप्पा मारायला थांबत असे. ती थांबली नाही.

शैला एका दगडी पायरीवर बसून बघत होती. जवळून गेलो तेव्हा तिचं बोलणं कानावर आलं. "अगं, तू कशाला शिकवतेस? हे जिंकले तर जायचं तुलाच आहे ना?"

"आई, मी पैज माझ्या जाण्या-राहण्यावर लावलीय. बाबांच्या मणक्यावर नाही."

मी वर होतो. मी ऐकलं नाही असं दाखवलं. उंचावर बसलेल्या माणसाला ही सोय असते.

जेवायला बसलो तेव्हा मासे आणि बटाट्याचे तळलेले काप कागदात गुंडाळून आले. तिथला कॉड मासा इतका ताजा होता की त्याला अजून समुद्राची आठवण येत असावी. मी एक घास खाल्ला. म्हणालो, "मुक्ता, हे सोडून देऊ या का?"

खरंच म्हणालो. मला वाटलं ती म्हणेल, का, घाबरलात? मग मी चिडेन, मग ती चिडेल, आणि सगळं पूर्ववत होईल.

"तुमची इच्छा, बाबा," ती म्हणाली. "पण मी शब्द दिलाय. तुम्ही न चालवताच ये म्हणालात तरी येईन."

तुमची इच्छा! माझ्या घशात काटा अडकला. त्या माशात काटे नसतात.

हार्बर स्ट्रीट

ही ओमारूची सगळ्यात देखणी गल्ली. अरुंद, दोन्ही बाजूंनी पांढऱ्या दगडाची उंच कोठारं, खाली जुन्या धर्तीची फरसबंदी. ऊन त्या दगडावर पडलं की गल्ली आतून दिवा लावल्यासारखी दिसते. दुतर्फा माणसं. अख्खं गाव लोटलं होतं, म्हणजे आमच्याकडे एखाद्या हॉटेलात मिसळ संपायच्या वेळेला असतात तेवढी. पलीकडच्या टोकाला खडूची जाड रेघ आणि तिच्यामागे गवताचे भारे.

पाहुण्यांच्या फेरीत आम्ही तिघं. एक ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला, एक कुठल्याशा शाळेतल्या बाई, आणि ग्रॅहमची काळी टोपी कानांपर्यंत घातलेला मी. ग्रॅहम सगळ्यांना माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. त्यात 'सिलिंडर' हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

शैला माझ्याजवळ आली. माझा चष्मा काढून पदराने पुसून परत लावला. म्हणाली, "जे कराल ते विचार करून करा." सायकलबद्दल म्हणाली असेल असं मी धरून चाललो.

शिट्टी झाली. टांग मारली. बसलो.

दाढीवाला गल्लीच्या तोंडाशीच आडवा झाला. शाळेतल्या बाई हुशार निघाल्या, त्या कठड्याला टेकून सन्मानाने उतरल्या. उरलो मी. चाक दगडांवरून असं खडखडत होतं की माझे दात एकमेकांना ओळख विचारत होते. दोन्ही बाजूंचे खांब, कमानी, टोप्या, गाऊन सगळं पांढऱ्या रेषेसारखं मागे पळत होतं. पाय फिरत होते. एक-दोन, एक-दोन. आणि मला कळलं की मला हे जमतंय. समोर खडूची रेघ दिसायला लागली. तिच्यापलीकडे मला बिबवेवाडी दिसली, शेजारच्या फ्लॅटचं दार दिसलं, भिंतीवरची खडूची खूणसुद्धा दिसली.

तेवढ्यात खालून आवाज आला.

"बाबा, पाय! पाय थांबवू नका!"

मुक्ता चाकाच्या बाजूने पळत होती. उसना गाऊन दोन्ही मुठींत धरून, केस सुटलेले, लोकांना धक्के देत. "थोडंच राहिलंय! समोर बघा! थांबवू नका, बाबा!"

मी समोर बघायला हवं होतं. मी खाली बघितलं. मी जिंकलो तर जी हरणार होती तीच मला जिंकवायला जिवाच्या आकांताने पळत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. ती आली असती. दिलेला शब्द पाळून मंगळवारी विमानात बसली असती, फोडलेल्या भिंतीतून रोज आत आली असती, आणि मला जन्मभर दुसरा चहा करून दिला असता.

आता पुढचं. आमच्या सोसायटीत मी सांगितलंय की ऐन वेळी पेंग्विन आडवा आला. ओमारूत पेंग्विन आहेत, खोटं नाही. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला आम्ही पाहिले होते. समुद्रातून निघून घोळक्याने येतात, रस्त्याच्या कडेला थांबतात, उजवीकडे बघतात, डावीकडे बघतात आणि मग ओलांडतात. लक्ष्मी रोडवर एक दिवस टिकले नसते. तर तसला एक पेंग्विन माझ्या चाकासमोर आला आणि मुक्या प्राण्याला वाचवण्यासाठी मी स्वतःला झोकून दिलं, असं मी सांगितलंय, आणि दूधवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तुम्ही लिहिलेलं वाचताय. लिहिताना पेंग्विन आणायला मला धीर होत नाही. एकतर ते दुपारी गल्लीत फिरत नाहीत.

पाय थांबले, एवढंच मी लिहीन.

मागचं चाक उचललं गेलं. आभाळ, दगड, आभाळ. रेघ माझ्यापासून हातभर लांब होती. हात लांब केला असता तर खडू बोटाला लागला असता. मी हात लांब केला नाही. अर्थात तो तेव्हा मनगटापासून भलत्याच दिशेला होता, हेही सांगायला हवं.

मग ग्रॅहम धावला, पाठोपाठ शैला, पाठोपाठ अख्खं व्हिक्टोरियाचं राज्य.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मनगटाला प्लॅस्टर घातलं, कपाळाला पट्टी केली आणि विचारलं की या वयात हे कशाला. शैला माझ्या वतीने म्हणाली, "यांनाच माहीत." आणि माझ्याकडे असं बघितलं की मला दुसऱ्या मनगटाची काळजी वाटली. मग ती औषधं आणायला बाहेर गेली. अगदी सावकाश गेली. औषधं समोरच मिळत होती.

मी डाव्या हाताने कोटाच्या आतल्या खिशातून तिसरं तिकीट काढलं. एका हाताने फाडता येईना.

"तू धर एक बाजू," मी म्हणालो.

मुक्ताने धरली नाही. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. गाऊनला गवत चिकटलेलं, गुडघ्याशी फाटलेला. तो उसना होता, तिला उद्या परत द्यायचा होता.

"बाबा, पाय का थांबवलेत?"

"सवय गं. उतार आला की पुण्याचा माणूस पॅडल मारत नाही."

"सपाट आहे ती गल्ली. कुठे होता उतार?"

"होता," मी म्हणालो. "तू खाली होतीस, तुला नसेल दिसला. वरून चांगला दिसत होता."

मग तिकिटाची दुसरी बाजू तिने चिमटीत धरली.

"थापाडे आहात तुम्ही," ती म्हणाली. "एक नंबरचे."

इतकं बरं मला त्या आठवड्यात कशानेच वाटलं नव्हतं.